माळाला झाड नको

वस्तरा गळ्यावर असताना माणसानं बोलू नये, हलू नये आणि जमल्यास विचारही करू नये, हा साधा नियम मी तरुणपणापासून पाळत आलोय. त्या रविवारी तो मोडला. पुण्याजवळ मांजरी गावात आमच्या सोसायटीच्या खालीच साईचं सलून आहे. सलून म्हणजे तीन खुर्च्या, एक खडखडणारा कूलर आणि आरशावर चिकटवलेली परदेशी पोरांची डोकी. साईनं माझी हनुवटी वर केली होती आणि तो गळ्याखालचा फेस काढत होता. तेवढ्यात बाकावर नंबराची वाट बघत बसलेल्या एका गिऱ्हाइकानं पेपरची पुरवणी उलगडली आणि म्हटलं, "च्यायला, सरडा बघ कसा टोचलाय काट्याला!" मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. अर्धं पान भरून फोटो होता. बाभळीच्या वाळक्या काट्यात मानेतून ओवलेला सरडा, गळ्याखाली लोंबणारी निळी-काळी-तांबडी कातडी, आणि मागे जरा धूसर, लोखंडी जाळीला तारेनं बांधलेली पत्र्याची पाटी. पाटीवरची अक्षरं पुरी नव्हती. 'सुम श्रीध' एवढीच होती. पण ती पाटी मी रंगवून घेतली होती, ती तार मी पिळली होती आणि ते काटेही मीच बांधले होते. मी हललो. "अहो काका!" साई ओरडला, आणि मग सगळं सलून माझ्या गळ्याकडे बघायला लागलं. फार काही नव्हतं. बारीक रेघ उमटली होती. साईनं तुरटी फिरवली तेव्हा झोंबलं, आणि मला बरं वाटलं, कारण डोळ्यांत पाणी यायला एक सांगण्यासारखं कारण मिळालं. पुरवणी मागून घेतली. फोटोखाली बारीक टाइपात छायाचित्र कोणाचं ते लिहिलं होतं. नम्रता टिकेकर. माझी मुलगी.

म्हणजे माझ्या बायकोचं, कुसुमचं, नाव आयुष्यात दोनदा पेपरात आलं. पहिल्यांदा निधनवार्तेत, तेव्हा निदान अक्षरं तरी पुरी होती. दुसऱ्यांदा मेलेल्या सरड्याच्या पाठीमागे, आणि तेही पोटच्या पोरीच्या कृपेनं. आयुष्यभर टेलिफोन खात्यात लोकांच्या तुटलेल्या लाइनी जोडल्या, त्यामुळे कुठली तार कुठे जाऊन भिडते याचं मला फारसं आश्चर्य वाटत नाही. पण ही वाटलं नव्हतं अशी भिडली. कुसुमला पाल, सरडा, साप, गेला बाजार गोगलगाय, सरपटणारं काहीही चालायचं नाही. पाल दिसली की ती झाडू घ्यायची आणि नम्रता तिच्या आणि पालीच्या मध्ये उभी राहायची. नम्रता तेव्हा सात-आठ वर्षांची असेल. एकदा तिनं कपाटामागे सापडलेली पालीची दोन अंडी काडेपेटीत कापूस घालून ठेवली, आणि ती काडेपेटी देवघरात समईच्या मागे, कारण तिथं ऊब असते. एका सकाळी कुसुम पूजेला बसली तर बाळकृष्णाच्या अंगावर बोटाच्या पेराएवढं पिल्लू. तिनं घर डोक्यावर घेतलं. मग पंचांग काढलं. पंचांगात माणसाच्या कुठल्या अवयवावर पाल पडली तर काय फळ मिळतं ते सगळं दिलेलं असतं, पण देवाच्या अंगावर पडली तर काय होतं ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. "आता हे मी कोणाला विचारू?" असं म्हणून ती पाटावरच हताश बसून राहिली, आणि मी हसलो म्हणून दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. नम्रताशी मात्र त्याच संध्याकाळी बोलली. पिल्लू कुठं सोडलंस, ते जगेल ना, असं काहीतरी. मी ऐकलं होतं. त्या दोघींचं भांडण हे त्यांचं बोलणंच होतं, आणि माझं न भांडणं हे माझं न बोलणं होतं. हे मला फार उशिरा कळलं. कळून उपयोग काही नाही.

कुसुम गेली तेव्हा अस्थी रीतीप्रमाणे आळंदीला सोडल्या. राख मात्र नदीत टाकायची नाही, असं मीच म्हटलं. मुठेत आधीच काय कमी आहे? तेवढ्यात उत्तरेश्वर भेटला. उत्तरेश्वर आमच्याच सोसायटीत राहतो, मूळचा लातूरकडचा, कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यानं 'हिरवी आठवण' नावाचं मंडळ काढलंय. काम चांगलं, माणूसही चांगला, आणि चांगल्या माणसांचा एक धाक असतो, त्यांना नाही म्हणता येत नाही. मंडळाची पद्धत अशी की दहाव्याच्या आत रक्षा खड्ड्यात घालायची, वर झाड लावायचं, पाटी लावायची. म्हणजे माणूस झाडात जातो. उत्तरेश्वर हे इतक्या खात्रीनं सांगायचा की जणू त्यानं कोणाला जाताना पाहिलंय. लोणी काळभोरच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी वनखात्याचा मोठा माळ आहे. नुसतं गवत आणि दगड. "समदी पडीक जमीन हाय काका," तो म्हणाला, "आपन तिचं सोनं करू." खात्याची परवानगी होती, खड्डे तयार होते. मी पिंपळ मागितला. कुसुमला पिंपळाच्या पानाची सळसळ आवडायची म्हणून, आणि पिंपळ चिवट असतो म्हणून. भिंतीच्या चिरेतही जगतो. नम्रता राखेचं मडकं घेऊन खड्ड्यापलीकडे उभी होती. तिनं राख ओतली. मी रोप हातात घेतलं, काळ्या पिशवीतलं, चांगलं जड, आणि खाली वाकणार तेवढ्यात उत्तरेश्वर म्हणाला, "काका, इकडं बघा, हितं." मी बघितलं. फोटो निघाला. मंडळातली चार माणसं पुढं झाली, चार बाजूंनी मुरूम लोटला, कोणीतरी पाण्याची झारी दिली, पुन्हा, "काका, हितं." त्या दिवशी मला फक्त एवढंच जाणवत होतं की माझे हात रिकामे झालेत. तो फोटो अजून आमच्या बैठकीत आहे. त्यात मी रडत नाही, नम्रता रडत नाही, आणि रोप अगदी ताठ उभं आहे.

तेव्हापासून एक दिवसाआड मी स्कूटरवर पाण्याचे कॅन घेऊन जातो. जात होतो. पावसाळ्यातही जायचो, नुसता बघायला. आजूबाजूची बरीचशी झाडं पहिल्याच उन्हाळ्यात गेली. पाट्या राहिल्या, आणि त्या पाट्यांमधून वारा वाजायचा. माझं मात्र जगलं. वाढलं नाही, पण जगलं. दोन वर्षांनीसुद्धा माझ्या कमरेला लागायचं नाही, पानं तळहाताएवढी व्हायच्या आत पिवळी पडायची, तरी नवी यायची. शेळ्या तोंड लावतात म्हणून जाळी बसवली, जाळीवरून वाकून खातात म्हणून बाभळीचे काटे आणून बांधले. मी तिथं दगडावर बसून पेपर वाचायचो. मोठ्यानं. कुसुमला बातम्या ऐकायची सवय होती, वाचायचा कंटाळा. कोणी बघितलं असतं तर म्हातारा कामातून गेला असंच म्हटलं असतं, पण बघायला होतं कोण? मी आधी कधी घरात तिला असा सलग अर्धा तास दिला नव्हता. हे मी तिला सांगितलंही. पिंपळाची पानं वाऱ्यानं हलली, आणि मी ते होकारार्थी धरलं. माणूस काय काय धरून बसतो!

पहिल्या वर्षश्राद्धाला नम्रता माझ्याबरोबर आली. एप्रिल होता, गवत वाळून पांढरं झालेलं. मी पाणी घालत होतो आणि ती एकदम खाली बसली. "बाबा, हलू नका." पाटीच्या पलीकडे एका दगडावर मातकट रंगाचा, वीतभर सरडा बसला होता. मला त्यात काही विशेष दिसेना. मग त्यानं मान वर केली आणि गळ्याखालची कातडी पंख्यासारखी उघडली. निळी. त्या सगळ्या भुऱ्या माळावर तेवढाच एक रंग होता. पंखा मिटला, पुन्हा उघडला. मादीला दाखवतो म्हणे, याच दिवसांत, आणि त्याला उंच दगड लागतो, आजूबाजूला मोकळं लागतं, ऊन लागतं. नम्रता कुजबुजत सांगत होती आणि तिचा चेहरा काडेपेटी हातात धरलेल्या पोरीसारखा झाला होता. सरड्यांवर काम करत ती अर्धा महाराष्ट्र हिंडली होती आणि हे सरडे पुण्याजवळ आता उरले नाहीत असंच ती समजून होती. इथं होते. आईला भेटायला आली आणि सरडा घेऊन गेली. मला तेव्हा बरंही वाटलं होतं. म्हटलं, चला, या निमित्तानं येत राहील. ती आलीच. वर्षभर आली, माझ्यापेक्षा जास्त आली, पण झाडाशी थांबायची नाही. दगड बघायची, गवत मोजायची, आणि अधूनमधून झाडाकडे अशी बघायची की मला वाटायचं, आईची आठवण येत असेल.

आठवण कसली? हिशेब चालला होता. त्या रविवारी सलूनमधून वर आलो, गळ्याला कापूस लावला आणि तिला फोन केला.

"फोटो छान आलाय," मी म्हटलं.

ती म्हणाली, "बाबा, मी आधी सांगणार होते तुम्हाला."

"सांगायचं काय त्यात? पेपर येतो आमच्याकडेही."

"पाटी कापून टाकली असती तर लोकांना वाटलं असतं, जंगलातला काटा आहे. तो काटा आपण नेऊन लावलाय, हे दिसायला हवं होतं."

"आणि कोणाच्या आईच्या झाडाला लावलाय, हेही."

"नाव पूर्ण येऊ दिलं नाही मी."

"उपकार झाले."

मग तिनं समजावलं. ती समजावते तेव्हा आवाज चढवत नाही, त्याचाच जास्त राग येतो. माळ पडीक नसतो बाबा, म्हणाली. आपण त्याला पडीक म्हणतो कारण आपल्याला तिथं बसायला सावली नसते. झाड आलं की सावली येते, सावलीत जमीन थंड होते, सरड्याला ती चालत नाही. आणि झाड आलं की खाटीक पक्षी येतो. त्याला टेहळायला उंच जागा हवी असते. आपण जागा दिली, वर काटेही बांधून दिले. तो धरतो, काट्याला टोचून ठेवतो, सवडीनं खातो. पंखा उघडलेला नर तर त्याला लांबूनच दिसतो. गेल्या वर्षी त्या माळावर होते त्यातले निम्मेही नर आता उरले नाहीत. वनखात्यानं तिचं म्हणणं मान्य केलंय, पाऊस सुरू व्हायच्या आत सगळी झाडं काढणार. माळ माळ म्हणून ठेवणार.

"सगळी काढा," मी म्हटलं. "एक ठेवा." आयुष्यात मी कोणाकडे रदबदली केली नव्हती. खात्यात बढतीसाठीसुद्धा नाही. माझ्याच आवाजातला तो लोचटपणा मला ऐकू आला.

"एकच ठेवणं सगळ्यात वाईट, बाबा. मग सगळे खाटीक त्याच एकावर येऊन बसतील."

"म्हणजे आईला दुसऱ्यांदा जाळायला निघालीस," मी म्हणालो. तिकडून फोन ठेवल्याचा आवाज आला नाही. हल्लीच्या फोनना तो नसतोच. नुसती शांतता झाली, आणि लाइन गेलीय की माणूस गेलंय हे मला, टेलिफोन खात्यातल्या माणसाला, ओळखता आलं नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. उत्तरेश्वर येऊन बसायचा. त्याचा चेहरा खरोखर पडला होता, त्याच्या वडिलांचंही झाड तिथंच आहे. "काका, सरड्यापायी झाडं तोडतेत, हे कुठं ऐकलंय का? आमच्याकडं झाडावाचून मानसं मरतेत. तुमी पुढं व्हा. सरडेवाल्या बाईचा बापच इरोधात उभा राह्यला म्हनल्यावर वनखात्याचा साहेब हलतोय बघा." मी बघू म्हणालो. मंडळातल्या नियाजचा फोन आला. त्याचं कॅम्पात फर्निचरचं दुकान आहे, त्यानं आईच्या नावानं कडुनिंब लावला होता. मला वाटलं, हा तरी आपल्या बाजूचा. तो म्हणाला, "टिकेकर साहेब, मी तर काढा म्हणून सांगून टाकलं. अम्मी काय तिथं नाहीये. अम्मी कब्रस्तानात आहे, मी जुम्म्याला जातो, बसतो. झाड आपल्या मनासाठी होतं." मी बरोबर आहे म्हटलं आणि फोन ठेवल्यावर मला त्याचा भयंकर हेवा वाटला. त्याच्याकडे जागा होती. आमच्यात माणूस मेल्यावर आपण त्याची एकही जागा ठेवत नाही. कपडे वाटतो, पलंग हलवतो, हाडं पाण्यात, राख वाऱ्यावर, आणि मग कुठं जाऊन बसावं हे कळत नाही म्हणून फोटोला हार घालतो. माझ्याकडे कुसुमची म्हणून तेवढी हातभर जमीन होती. तीही सरकारी. आणि तिच्यावर आता सरड्याचा हक्क लागला होता. मी सरड्यांचा मनापासून द्वेष केला. अंथरुणात पडल्यापडल्या केला. त्या दगडावरचा तो निळा पंखा डोळ्यांसमोर आणायचो आणि चिडायचो, पण खरं सांगायचं तर तो डोळ्यांसमोर आला की चिडणं नीट जमायचं नाही.

झाडं काढणार त्या दिवशी सकाळी मी गेलो. विरोधाला नाही, कशाला ते ठरवलं नव्हतं. सवयीनं कॅन भरून घेतले होते. माळावर खात्याची जीप, टिकाव-फावडी घेतलेले पाच-सहा गडी, आणि टोपी घातलेली नम्रता. उन्हानं रापली होती, वाळली होती. तिनं मला पाहिलं आणि मान खाली घातली. प्रत्येक झाडाच्या बुंध्याला किंवा जाळीला, काढायची खूण म्हणून, चुन्याचं वळं काढलेलं होतं. जगलेली, मेलेली, सगळी. मी चालत गेलो. पाटीमागून पाटी, चुन्यामागून चुना. कुसुमच्या झाडापाशी आलो. काटे आधीच काढून टाकले होते. चुना नव्हता.

शेजारच्याच झाडापाशी यमुनाबाई उभी होती. ती लोणीची. तिचा मुलगा हायवेवर अपघातात गेला, त्याचं आंब्याचं झाड होतं तिथं. होतं म्हणजे काठी होती. ती जाळीची तार सोडवत होती, पाटी घरी न्यायला. तिनं माझ्या पिंपळाकडे पाहिलं, मग चुन्याच्या वळ्यांकडे, मग माझ्याकडे.

"तुमचं ऱ्हातंय व्हय?" ती म्हणाली. आणि मी काही बोलायच्या आत, "बरं झालं. एकाचं तरी ऱ्हाऊ दे."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं; टोमण्याला उत्तर द्यायची मला जन्मभराची सवय आहे. तिनं पाटी पदरानं पुसली, काखोटीला मारली आणि ती गेली. मी तडक नम्रताकडे गेलो.

"एक राहिलंय तुझं," मी म्हटलं.

"राहिलं नाहीये. ठेवलंय."

"का?"

"साहेब म्हणाले, एखादं चालेल."

"साहेबांना विचारलं कोणी?"

टोपीच्या सावलीत तिचे डोळे दिसत नव्हते, पण हनुवटी दिसत होती, आणि ती कुसुमची हनुवटी होती, रडू आलं की पुढं येणारी. मला संताप आला. दोन आठवडे मी या पोरीला दगड म्हणत होतो, मनात आणि मोठ्यानंही, आणि आता ती दगड नाही हे कळल्यावर मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. आमच्या तिघांत सरळ अशी ती एकच होती. आईच्या झाडूसमोर उभी राहिलेली. तिला मी वाकवलं होतं, फोनवरच्या एका वाक्यानं, आणि ते वाक्यसुद्धा मी चांगलं जमलंय म्हणून बोललो होतो.

"एकच ठेवणं सगळ्यात वाईट. कोण म्हणालं होतं?"

"बाबा, जाऊ दे ना आता. मी बघीन काय ते. जाळी काढू, वर काहीतरी बांधू, पक्षी बसणार नाही असं."

"आणि ती यमुनाबाई? तिच्या पोराचं काढायचं आणि तुझ्या आईचं ठेवायचं?"

"तुम्हीच म्हणाला होतात," ती एकदम मोठ्यानं म्हणाली, गडी वळून बघायला लागले, "तुम्हीच म्हणालात, दुसऱ्यांदा जाळतेय! मी काय करू मग? सांगा ना, मी काय करू?"

मी टिकाव घेतलेल्या एका गड्याला हाक मारली आणि म्हटलं, "हेही काढा." नम्रता म्हणाली, "बाबा, नको." मी म्हटलं, "काढा हो." माझ्या आवाजात त्याग वगैरे काही नव्हतं, चीड होती, तिची, माझी, उत्तरेश्वरच्या चांगुलपणाची, त्या माळाची. गडी घुटमळला, नम्रताकडे बघत राहिला. ती तोंड फिरवून उभी राहिली तेव्हा त्यानं जाळी उपटली.

मला वाटलं होतं, वेळ लागेल. पिंपळ आहे, इतकं पाणी प्यालाय, मुळं खोल गेली असतील, तुटताना आवाज होईल. त्यासाठी मी मन घट्ट करत होतो. गड्यानं चार घाव घातले, टिकाव खाली सारून उचकटलं, आणि झाड अलगद वर आलं. कुंडीतून काढावं तसं. खाली गोल, गच्च गोळा होता. गड्यानं त्याच्यावरचा मुरूम हातानं झटकला, आणि खालून काळं, चकचकीत काहीतरी निघालं.

"ह्याच्यातबी पिशवी हाय," तो म्हणाला, आणि झाड माझ्या पायाशी ठेवून पुढच्या झाडाकडे गेला.

नर्सरीची पिशवी होती. तशीच, न फाडता खड्ड्यात गेलेली. जाड काळं प्लॅस्टिक, कडेला पांढऱ्या अक्षरांत नर्सरीचं नाव, अजून वाचता येईल असं. आत मुळं स्वतःभोवतीच फिरत फिरत दोरखंड झाली होती. पिशवीच्या खालच्या भोकांतून दोन-तीन बाहेर आली होती, त्यांना दगड लागला होता आणि ती वळून पुन्हा पिशवीलाच चिकटली होती. काका, इकडं बघा. मी इकडं बघितलं होतं. चार हातांनी मुरूम लोटला होता. दोन वर्षं मी पिशवीला पाणी घातलं होतं. मी खड्ड्यात वाकून पाहिलं. तळाशी, मुरमाच्या तांबड्या रंगात, एक करडा-पांढरा थर होता, दाबून घट्ट झालेला. पाण्यानं थोडा पसरला होता, इतकंच. कुठल्याही मुळानं त्याला शिवलेलं नव्हतं. कुसुम कुठंही गेली नव्हती. झाडात नाही, पानात नाही, माझ्या पेपर-वाचनाला हलून होकार देणाऱ्या त्या सळसळीत तर नाहीच नाही. ती इथं खाली होती, आणि मी वर बसून एका पिशवीला बातम्या वाचून दाखवत होतो.

नम्रता शेजारी येऊन उभी होती. तिनंही पाहिलं. मी वाट बघत होतो की ती काहीतरी म्हणेल. ती शास्त्रज्ञ आहे, तिला म्हणण्यासारखं पुष्कळ असेल. ती खड्ड्याच्या कडेला बसली आणि हातांनी मुरूम आत लोटायला लागली. हळूहळू, राखेवर एकदम पडू नये असा. मीही बसलो. गुडघे दुखत होते. आम्ही दोघांनी खड्डा भरला. त्यात बाहेरची माती घालायची नव्हती, तिचा तसा नियम होता, मग होता तोच मुरूम घातला. वर तिनं एक दगड आणून ठेवला. "कशाला?" मी विचारलं. "सरड्याला बसायला," ती म्हणाली. मग आम्ही जरा वेळ थांबलो. मला वाटतं, दोघंही त्याचीच वाट बघत होतो. आता निदान त्यानं यावं, त्या दगडावर चढावं, एवढं सगळं केल्यावर एकदा तरी तो पंखा उघडावा. कोणी आलं नाही. तिकडे टिकावाचे घाव पडत होते, धूळ उडत होती, अशात कोण येणार?

"परत येतील?" मी विचारलं.

"माहीत नाही. उरले असतील तर." मग म्हणाली, "बाबा, झाड घेऊन जा. जिवंत आहे."

पिंपळ घरात लावत नाहीत. कुसुमनं कधी गॅलरीच्या भिंतीतून उगवू दिला नाही. नमस्कार करायची आणि उपटायची. हे नम्रतालाही माहीत होतं, तरी ती म्हणाली, तरी मी घेतलं. स्कूटरच्या पुढच्या फळीवर, दोन पायांच्या मध्ये ठेवलं, पाटी डिकीत टाकली. कॅन भरलेलेच राहिले होते. त्यातलं पाणी गड्यांना पिऊ दिलं. निघताना नम्रतानं माझ्या गळ्यावरची वस्तऱ्याची रेघ पाहिली. खपली पडून पुसट खूण राहिली होती. "हे काय?" तिनं विचारलं. "काही नाही," मी म्हटलं. "हललो."

सोलापूर रस्त्याला नेहमीची गर्दी होती. मांजरी फाट्याच्या सिग्नलला मी थांबलो तर शेजारी एका तरुण बाईची स्कूटर, मागे शाळेच्या गणवेशातली मुलगी. बाईनं माझ्या पायांतल्या झाडाकडे पाहिलं आणि ती छान हसली. हल्ली पुण्यात अनोळखी माणसाकडे बघून कोणी असं हसत नाही. "बघ," ती मुलीला म्हणाली, "आजोबा झाड लावायला निघालेत. थँक्यू म्हण त्यांना."

"थँक्यू आजोबा," मुलगी म्हणाली. मग तिनं जरा पुढं वाकून पिशवी नीट पाहिली. "कुठं लावणार?"

मला कुठल्याही प्रश्नाला उत्तर असतं. तिरकस असतं, पण असतं. सोसायटीत, खात्यात, घरात, सगळ्यांनी ते ऐकून घेतलंय. मी तोंड उघडलं. मुलगी माझ्याकडे बघत होती. सिग्नल हिरवा झाला आणि मागचे हॉर्न वाजवायला लागले.